आधी ‘हाय नून’ बघावा की ‘रिओ ब्राव्हो’?

वेस्टर्न, म्हणजे जुन्या अमेरिकी पश्चिमेतल्या बंदूकबाजांचा सिनेमा, कधी पाहिलेला नाही, सुरुवात कुठून करू, असं कुणी विचारलं की मी ही दोन नावं घेतो. दोन्हींत गुंडांना तोंड देणारा कायद्याचा माणूस आहे. पण दुसरा सिनेमा पहिल्यावर चिडून काढलेला आहे, म्हणून ही जोडी.

फ्रेड झिनेमनचा ‘हाय नून’ (१९५२) अवघ्या ८५ मिनिटांचा. मार्शल विल केनचं नुकतंच लग्न लागलंय आणि बातमी येते, त्याने पकडून दिलेला फ्रँक मिलर बाराच्या गाडीने परत येतोय. केन मदतीसाठी सलूनमध्ये (म्हणजे दारूच्या गुत्त्यात) जातो, चर्चमध्ये जातो, मित्रांची दारं ठोठावतो. एक मित्र तर आत लपून बायकोकडून ‘घरी नाहीत’ म्हणून सांगवतो. दारात उभ्या केनला सगळं कळतं, तो काही बोलत नाही. गॅरी कूपरचा तो थकलेला चेहरा पाहून पोटात तुटतं. पडद्यावरची घड्याळं जवळजवळ आपल्या घड्याळासोबत चालतात. शेवटी रस्ता रिकामा, कॅमेरा वर वर जातो आणि केन मुंगीएवढा दिसू लागतो.

हा एकटेपणा पटकथाकार कार्ल फोरमनने स्वतः भोगला होता. अमेरिकेत कम्युनिस्टांची चौकशी चालू होती, त्याच्यावर समन्स आलं, पुढे त्याला काम मिळेना आणि तो इंग्लंडला गेला. सिनेमाला चार ऑस्कर मिळाले, कूपरचं एक त्यातच. वेस्टर्नचा बडा नट जॉन वेनने मात्र या सिनेमाला अमेरिकाविरोधी ठरवलं. आणि १९८९च्या पोलंडमधल्या निवडणुकीत कम्युनिस्ट सत्तेविरुद्धच्या सॉलिडॅरिटी या कामगार चळवळीच्या पोस्टरवर हाच कूपर झळकला, हातात पिस्तुलाऐवजी मतपत्रिका!

चांगला शेरीफ असा गावभर मदत मागत फिरेल का, हा दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सचा आक्षेप. त्याच्या ‘रिओ ब्राव्हो’त (१९५९) वेनचा शेरीफ देऊ केलेली मदतही नाकारतो. सोबतीला एक लंगडा म्हातारा, एक दारूडा आणि नंतर एक पोरगा. लांबी १४१ मिनिटं. ऑस्करचं साधं नामांकनही नाही, पण हॉक्सला फ्रेंच समीक्षकांनी डोक्यावर घेतलं आणि आज कित्येक जाणकार हा सिनेमा ‘हाय नून’च्या वर ठेवतात. पोरगा झालेल्या रिकी नेल्सनचा अभिनय कच्चा आहे आणि मधला भाग रेंगाळतो, हेही खरं.

एकच संध्याकाळ हाताशी असेल तर ‘हाय नून’ बघा. गोष्ट सरळ आहे, जीव टांगणीला लागतो. मी पुन्हा पुन्हा लावतो तो मात्र ‘रिओ ब्राव्हो’, कारण त्यातली माणसं घरची वाटू लागतात. दारूडा ड्यूड हार मानून ग्लास भरतो, तेवढ्यात बाहेरून शत्रूने मुद्दाम वाजवायला लावलेली धून ऐकू येते. तो ग्लासातली व्हिस्की परत बाटलीत ओततो. थरथरणारे हात आता स्थिर असतात, एक थेंबही सांडत नाही.