इंडक्शन की इन्फ्रारेड? पेसमेकर असलेल्या घरात कोणती शेगडी

परभणीच्या मावसभावाचा फोन आला. वहिनीला सातवा महिना, काकांना पेसमेकर, आणि सिलिंडर संपलं की घरात चहासुद्धा अडतो. "इंडक्शनमधून किरण निघतात म्हणं. मग इन्फ्रारेड घिऊ का?"

इंडक्शनच्या काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातल्या प्रवाहाची दिशा सेकंदाला 20 हजारांहून जास्त वेळा बदलते. त्याचं चुंबकीय क्षेत्र भांड्याच्या बुडात शिरतं आणि बूडच तापतं. म्हणजे हे क्षेत्र नसेल तर स्वयंपाकच होणार नाही. इन्फ्रारेडमध्ये नुसती तार तापते. तिच्याभोवतीचं क्षेत्र इस्त्रीसारखंच, घरातल्या विजेच्याच वेगाचं म्हणजे 50 हर्ट्‌झचं आणि कमी. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात इस्त्रीपासून 3 सेंटिमीटरवर 8 ते 30 मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) आहेत, 30 सेंटिमीटरवर 0.12 ते 0.3. गंमत म्हणजे लालभडक दिसते म्हणून लोक भितात इन्फ्रारेडलाच! तो लाल उजेड निखाऱ्याच्याच जातीचा.

सामान्य माणसासाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा 50 हर्ट्‌झला 200 मायक्रोटेस्ला, इंडक्शनच्या वेगाला 27. इंडक्शनची चाचणी 30 सेंटिमीटरवरून करतात. पण सातव्या महिन्यातलं पोट ओट्याला टेकतं, तिथं 30 सेंटिमीटर कुठले राहणार? म्हणून वहिनीनं इंडक्शन वापरलीच तर ती ओट्यावर आत, भिंतीकडं सरकवायची, भांडं बरोबर मध्यावर ठेवायचं आणि वेटोळ्यापेक्षा लहान भांडं घ्यायचं नाही. बूड लहान किंवा बाजूला सरकलेलं असलं की क्षेत्र जास्त बाहेर पडतं. चहाचं चिमुकलं पातेलं म्हणजे नेमकं तेच.

आणि चहा करतात काका. हे क्षेत्र पेसमेकरच्या कामात अडथळा आणू शकतं, म्हणून पेसमेकरवाल्यांनी चालू इंडक्शनपासून दोन फूट, म्हणजे 60 सेंटिमीटर, लांब राहावं असा ब्रिटिश हार्ट फाउंडेशनचा सल्ला आहे. दोन फुटांवरून चहा ढवळून दाखवा बरं. त्यामुळं त्या घरात इन्फ्रारेडच घ्या, असं मी सांगितलं. तरी काकांच्या हृदयाच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.

काका नसते तर माझं मत इंडक्शनकडं झुकलं असतं. तिची काच भांड्याच्या उष्णतेनंच तापते. इन्फ्रारेडची बंद केल्यावरही बराच वेळ चटका देते, आणि वर्षभरात घरात रांगतं लेकरू असणार. तिची वायर लोंबू द्यायची नाही.

भांड्यांचं मात्र इन्फ्रारेडच्या बाजूनं. इंडक्शनला चुंबक चिकटणारं सपाट बूडच लागतं, त्यामुळं मावशीची ॲल्युमिनियमची पातेली आणि खोलगट तवा, दोन्ही बाद. इन्फ्रारेडवर सगळं चालतं. ज्वारीची भाकरी तव्यावरून काढून जाळावर फुगवायची असेल, तर सिलिंडर येईपर्यंत थांबा.