फेट कोअर: पिरॅमिडला दाद, स्टंटवर नजर

आमच्या रोल-प्लेइंग गेमच्या टेबलावर एक गडी आहे. कुठलाही गेम द्या, हा तलवारबाजच बनवणार आणि सगळे पॉइंट तलवारीत ओतणार. मग दरबारात बोलणी सुरू झाली की मोबाइल काढून बसणार. मुख्यतः त्याच्यासाठी मी फेट कोअर (२०१३) हा रोल-प्लेइंगचा नियमसंच घेतला, आणि स्किलच्या बाबतीत तरी पैसे वसूल.

कॅरेक्टर बनवतानाच पिरॅमिड भरावा लागतो: १८ स्किल्सपैकी +४ वर एक, +३ वर दोन, +२ वर तीन, +१ वर चार. पळवाट नाही. फाइट शिखरावर ठेवलंत तरी बाकी नऊ जागी काहीतरी लिहावंच लागतं. आमच्या गड्याने कुरकुरत रॅपो (लोकांशी सूर जुळवण्याचं स्किल) +२ वर टाकला आणि आता वाटाघाटीत तोंड तोच आधी उघडतो!

पुढची वाढही अशीच बांधलेली. खालच्या पायरीपेक्षा वरच्या पायरीवर जास्त स्किल्स चालत नाहीत. त्यामुळे +५ हवं असेल तर आधी नवं स्किल +१ वर घ्या, मग एकेक वर सरकवा. कागदावर मांडून बघा, एका वेळी एकच पॉइंट खर्च करत गेलात तर पाचव्या पॉइंटाशिवाय ते जमत नाही. शिवाय स्किलची कमाल मर्यादा ओलांडायला मेजर माइलस्टोन, म्हणजे कथेतला मोठा टप्पा, यावा लागतो. याउलट डी अँड डीच्या (डंजन्स अँड ड्रॅगन्स) २०१४ च्या आवृत्तीतला १७व्या लेव्हलचा रोग (Rogue, चोरट्या वळणाचं पात्र) घ्या. डेक्स्टेरिटी (चपळाई) २० आणि एक्स्पर्टीज (खास प्रावीण्य) मिळून स्टेल्थ, म्हणजे लपूनछपून वावरणं, +१७. वर रिलायबल टॅलेंट, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर १ पडला तरी १० धरायचा. २७ च्या खाली जाणंच नाही. मग फासा हातात घ्यायचा तरी कशाला?

फेटमध्ये गळती होते ती स्टंटमधून, म्हणजे पात्राच्या खास करामतींमधून. तीन स्टंट फुकट मिळतात आणि ठरावीक प्रसंगी एक स्टंट +२ देतो. फेटचे चार फासे (प्रत्येकावर अधिक, उणे किंवा कोरी बाजू) बहुतेक वेळा शून्याच्या आसपासच पडतात, त्यामुळे हा +२ फार मोठा. फाइट +४ आणि त्यावर स्टंट म्हणजे +६: चारही फासे उणे पडले तरी +२ च्या अडथळ्याशी बरोबरी ठरलेली. खेळाडू चतुर असेल तर स्टंटचा "ठरावीक प्रसंग" इतका सैल लिहितो की तो प्रत्येक मारामारीत लागू पडतो. म्हणून माझ्या टेबलावर शिखरावरच्या स्किलला एकच स्टंट, आणि त्याची अट सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवायची.