दहावीच्या गणितासाठी जिओजेब्रा : वर्षभर वर्गात वापरल्यानंतर

मी मराठी माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. जूनपासून वर्गात जिओजेब्रा हे भूमितीच्या आकृत्या आणि आलेख काढायचं ॲप वापरतेय. आता सराव परीक्षा उरकल्या आहेत, तेव्हा काय उपयोग झाला ते नीट लिहिते.

शिकण्या-शिकवण्यासाठी हे फुकट आहे. ब्राउझरमध्ये चालतं, आणि मोबाइलवर एकदा उतरवून घेतलं की नेट नसलं तरी अडत नाही. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग विद्यापीठात प्रबंधाचा भाग म्हणून याची सुरुवात केली.

सगळ्यात जास्त फायदा झाला तो भौमितिक रचनांमध्ये. वर्तुळाबाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढायची कृती मुलांना पाठ असते: बिंदू केंद्राशी जोडा, लंबदुभाजक काढा, मध्यबिंदू केंद्र धरून त्या दोन्ही बिंदूंतून जाणारं दुसरं वर्तुळ काढा, छेदनबिंदू जोडा. पण ते दुसरं वर्तुळ कशासाठी, हे विचारलं की वर्ग गप्प. ॲपमध्ये स्पर्शिकेचं तयार बटण आहे, ते मी वापरू देत नाही. त्रिज्या ३ ठेवायची, बिंदू केंद्रापासून ५ वर घ्यायचा आणि एकेक पायरी हातानेच करायची. मग छेदनबिंदूपाशी कोन मोजायचा. तो ९० येतो, कारण तो अर्धवर्तुळातला कोन आहे. त्रिज्येला तिच्या टोकाशी लंब, म्हणून स्पर्शिका. लांबी ४ दिसते. २५ वजा ९ बरोबर १६, पायथागोरस तिथेच पडताळून होतो. आता बाहेरचा बिंदू बोटाने सरकवत वर्तुळाच्या आत न्यायचा. दोन्ही स्पर्शिका एकदम गायब होतात! आतल्या बिंदूतून स्पर्शिका का काढता येत नाही, हे त्यानंतर मला वेगळं सांगावं लागलं नाही. फळ्यावर हे कधीच जमलं नसतं.

बीजगणितात वर्गसमीकरणांना खरा उपयोग झाला. एक्स वर्ग वजा ६ एक्स अधिक सी, आणि सीला स्लायडर, म्हणजे सरकवून किंमत बदलायची पट्टी. सी ५ असताना आलेख एक्स अक्षाला १ आणि ५ पाशी छेदतो. ९ केला की ३ पाशी नुसता टेकतो. १० केला की अक्षाच्या वर उचलला जातो. मुलं वहीत विवेचक (बी वर्ग वजा ४ ए सी) काढत होती: १६, ० आणि उणे ४. विवेचक शून्य म्हणजे मुळे समान, हे वाक्य त्या दिवशी कोणी घोकलं नाही. शिवाय पूर्ण वर्ग करताना ९ च का मिळवायचे, तेही त्याच चित्रात दिसलं.

मात्र एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी. ॲप उत्तर दाखवतं, कारण लिहीत नाही. बोर्डात पायरीला गुण असतात, आणि सिद्धतेत प्रत्येक विधानापुढे कंसात कारण लागतं. म्हणून माझा नियम असा, की स्क्रीनवर जे दिसलं ते वहीत पक्ष, साध्य, सिद्धता या क्रमाने उतरवल्याशिवाय पुढचं उदाहरण नाही. आणखी एक. त्याच ३ त्रिज्येच्या वर्तुळात बाहेरचा बिंदू केंद्रापासून ६ वर नेला की स्पर्शिका ५.२ दिसते. ते आसन्न मूल्य आहे, उत्तर ३ रूट ३ असंच लिहायचं. कोन मोजताना बिंदूंचा क्रमही महत्त्वाचा, कारण मोजणी घड्याळाच्या उलट दिशेने होते. क्रम उलटला तर ४० ऐवजी ३२० दिसतात.

फोटो काढला की गणित सोडवून देणारं एक ॲपही काही मुलांकडे आहे, तेही मी पाहिलं. एक्स अधिक वाय बरोबर ७, २ एक्स वजा ३ वाय बरोबर ४ हे दिलं तर ते एक चल घालवून ५ आणि २ बिनचूक काढतं. पण प्रश्नात क्रेमरची पद्धत (सहगुणकांचे निश्चयक काढून त्यांच्या भागाकाराने उत्तर मिळवायची रीत) विचारली असेल तर निश्चयक उणे ५, मग एक्स आणि वायसाठीचे उणे २५ आणि उणे १० हे मांडून दाखवायला हवं. पद्धत बदलली की गुण गेले. उत्तर पडताळायला ते ठीक, पण सोडवायला घेण्याआधी ते उघडणं मला पटत नाही. मुलाला नेमकं कुठे अडलं तेच मग कळत नाही.

लॅपटॉपवर काम सोपं जातं. छोट्या मोबाइलवर बोटाखालीच बिंदू झाकतो, तरी घरच्या सरावाला तो पुरतो. अर्थनियोजन आणि अंकगणित श्रेढीला मी हे उघडलंच नाही, तिथे फळा-खडूवर भागतं.

नववीच्या पालकांनी आताच सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं. पहिला प्रयोग परिवर्तुळाचा, म्हणजे त्रिकोणाच्या तिन्ही शिरोबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाचा करा. त्रिकोणाच्या बाजूंचे लंबदुभाजक काढा, ते मिळतात ते परिकेंद्र, आणि एक शिरोबिंदू सरकवत राहा. लघुकोन त्रिकोणात परिकेंद्र आत असतं, काटकोन झाला की ते कर्णाच्या मध्यबिंदूवर येतं, विशालकोन झाला की बाहेर जातं.