दोन हजारात सुरी: लोहाराची घ्यावी की स्विस?

भाचीने पुण्यात फ्लॅट घेतलाय भाड्याने, आणि परवा फोन करून म्हणाली, मामा, सुऱ्या कुठल्या घेऊ, दोन हजाराच्या वर जायचं नाहीये. अर्धा तास बोललो तरी निम्मं सांगायचं राहिलंच, म्हणून आता नीट बसून लिहितोय. हाच प्रश्न मला चार वर्षांपूर्वी पडला होता आणि मी दोन्ही प्रकारच्या सुऱ्या घेऊन, रोजच्या डब्याची भाजी त्यांच्यावर चिरून मग ठरवलं. घरातला सकाळचा स्वयंपाक माझ्याकडे असतो, त्यामुळे सुरी रोज हातात असतेच.

आधी सेटचं सांगून टाकतो. पाच-सहा सुऱ्या, एक कात्री, सोलाणं आणि लाकडी स्टँड, सगळं हजार-बाराशेत. आम्हालाही लग्नात असा एक मिळाला होता. माझं मत विचाराल तर नका घेऊ. पाती इतकी पातळ असतात की लाल भोपळ्यात घातलं की पातं मध्येच वाकडं चालायला लागतं आणि फोड एका बाजूला जाड, एका बाजूला बारीक निघते. आणि सहातली आपण रोज वापरतो एकच, बाकीच्या पाच स्टँडमध्ये धूळ खात बसतात. सिरॅमिकची पांढरी सुरी कापते छान, पण ओट्यावरून फरशीवर पडली की टवका उडतो आणि तिला घरच्या साध्या दगडावर धार लावता येत नाही. म्हणजे दोन हजारात खरा प्रश्न उरतो तो एवढाच, की साध्या लोखंडाची, म्हणजे कार्बन स्टीलची, लोहाराकडची सुरी घ्यायची की स्टेनलेसची एकच पण चांगली कंपनीची.

लोहाराची सुरी मी मुरबाडजवळच्या म्हशाच्या यात्रेत घेतली. पौष महिना, सकाळची थंडी, आणि एका कडेला पाल टाकून बसलेलं घिसाड्याचं कुटुंब. नवरा सांडशीत लाल झालेला तुकडा धरून फिरवतोय आणि बाई उभी राहून घण मारतेय, एकेक घाव बरोबर जागेवर. ट्रकच्या कमानीचा पाटा असतो ना, त्याचे तुकडे होते ते, कोयते आणि विळेही त्याचेच करतात, कारण ते पोलाद मुळातच चिवट असतं. तयार मालात एक वीतभर पात्याची सुरी होती, बाभळीची मूठ, साडेतीनशे रुपये. मी घासाघीस केली नाही, तेवढं काम बघितल्यावर करवत नाही.

आणि कापायला म्हणाल तर ही सुरी मी आजवर वापरलेल्यात सगळ्यात चांगली. हे कबूल करूनच पुढचं सांगतो. कोथिंबिरीवर फरक लगेच कळतो. बोथट सुरीने कोथिंबीर चिरली की ती चिरडते, पाटावर हिरवं पाणी सुटतं आणि दहा मिनिटांत ढीग काळपट पडतो. या सुरीने चिरली की पानं कोरडी राहतात, सुटी सुटी. कांद्याचंही तेच, धार असली की कांद्याच्या पेशी कमी चिरडतात म्हणून डोळ्यांना झोंबणं कमी होतं. शिवाय धार लावायला अगदी सोपी. कप उपडा ठेवायचा, बुडाची जी खरखरीत कड असते तिच्यावर दोन्ही बाजूंनी दहा-दहा हात मारायचे, झालं काम. आमची आजी हेच करायची.

मग अडलं कुठे, तर गंजावर. आणि मला वाटतं की हा भाग नीट वाचावा, कारण दुकानात सुरी हातात घेऊन यातलं काहीच कळत नाही.

आमच्याकडे सकाळ अशी असते. सहाला भाजी चिरायची, पोळ्या, दोन डबे, मग आंघोळ, मुलीची रिक्षा, माझी लोकल. टोमॅटो चिरलेली सुरी सिंकमध्ये जाते ती तशीच. भांड्यांच्या मावशी येतात अकराला. म्हणजे पाच तास ती सुरी ओली, टोमॅटोच्या आंबट रसात. डोंबिवलीचा जुलै असेल तर अकरापर्यंत पात्यावर नारिंगी ठिपके हजर. मावशी बिचाऱ्या ते बघून तारेच्या घासणीने खसाखसा घासायच्या, सुरी चकचकीत करून ठेवायच्या. त्यांना वाटायचं काम चांगलं झालं, आणि खरं तर तिथेच घोळ होता. कार्बन स्टील वापरता वापरता काळपट करडं होतं, तो थरच त्याला पुढच्या गंजापासून थोडाफार सांभाळतो. तो दर दुपारी घासून निघायचा आणि दुसऱ्या दिवशी परत कोरं लोखंड पाण्यात.

मी सांगून बघितलं. सुरी तेवढी धुऊन लगेच पुसायची, फडका वेगळा ठेवलाय. पण मावशींना दिवसाला चार घरं असतात, त्यातल्या एका घरच्या एका सुरीसाठी वेगळा नियम त्यांनी लक्षात ठेवावा हे मलाच बरोबर वाटेना. मग नियम घरातल्यांवर आला. बायको ऑफिसच्या घाईत असताना तिला मी विचारतोय, सुरी पुसलीस का? मुलीने सफरचंद कापलं, तिला विचारतोय, पुसलीस का? तीन महिन्यांत माझं मलाच नकोसं झालं, की घरात मी सगळ्यात जास्त वेळा म्हणतो ते वाक्य हे. त्यात मे महिन्यात कैरीचं तक्कू करायला घेतलं तर कैरीच्या कडा काळ्या पडल्या आणि एक लोखंडाचा वास आला, मुलीने ताटात तसंच ठेवलं. लिंबू, कैरी, चिंच, कोकम हे ज्या घरात रोजचं आहे तिथे हे होणारच, आंबट आणि साधं लोखंड यांचं जमत नाही.

तेव्हा मग दुसरी घेतली. व्हिक्टोरिनॉक्सची, १५ सेंटीमीटर पात्याची, काळ्या फायब्रॉक्स, म्हणजे एक प्रकारच्या प्लास्टिकच्या, मुठीची साधी सुरी, मला सतराशेच्या आतबाहेर पडली. घेताना मनाला पटत नव्हतं, कारण हिचं पातं घडवलेलं नसतं, पोलादाच्या पत्र्यातून कापून काढलेलं असतं, आणि मी घणाखाली तयार झालेली सुरी सोडून ही घेत होतो. पण रोजच्या भाजीला या फरकाने काही बिघडत नाही, उलट पातं हलकं असल्यामुळे मनगट दुखत नाही. कंपनी १८८४ची, स्वित्झर्लंडच्या इबाख गावातली. संस्थापक कार्ल एल्सेनर, त्याच्या आईचं नाव व्हिक्टोरिया, तिच्या माघारी तेच नाव कंपनीला दिलं, आणि १९२१ मध्ये त्याला 'इनॉक्स' जोडलं. इनॉक्स म्हणजे फ्रेंचमध्ये न गंजणारं. मला हे नंतर कळलं, पण माझी सगळी तक्रार ज्या गोष्टीची होती ती यांनी शंभर वर्षांपूर्वी नावातच घातलेली बघून बरं वाटलं.

कापते कशी? नवी असताना लोहाराच्या सुरीच्या जवळपास, पण तेवढी नाही. खरं ते सांगायला हवं. हे स्टील मुद्दाम थोडं मऊ ठेवलेलं असतं, कडकपणा मोजायच्या रॉकवेल मापात ५५-५६ च्या आसपास, जपानी सुऱ्या ६०च्या वर जातात. जपानी धार जास्त दिवस टिकते पण सुरणात किंवा फणसाच्या आठळीवर जोर दिला तर कड तुटायची भीती. ही मऊ असल्यामुळे कड तुटत नाही, वळते, आणि वळलेली कड परत सरळ करता येते. आमच्या वापरात तीन-चार आठवड्यांनी टोमॅटोच्या सालीवरून घसरायला लागते, मग मी दगड काढतो.

दगडाचे पैसे बजेटमध्ये धराच, नाहीतर कुठलीही सुरी सहा महिन्यांत सारखीच होते. हार्डवेअरच्या दुकानात दोन बाजूंचा कार्बोरंडमचा दगड मागा, एक बाजू जाड, एक बारीक, मला दोनशेला मिळाला. दगड ओला करायचा, खाली ओला फडका घालायचा म्हणजे सरकत नाही, सुरी आडवी ठेवून पाठीकडून करंगळी जाईल एवढीच उचलायची आणि तोच कोन धरून पुढे-मागे. एका बाजूने वीस, दुसऱ्या बाजूने वीस. पहिल्या दोन वेळा हात बसत नाही, तिसऱ्यांदा बसतो. टोमॅटोवर सुरी नुसती टेकवून ओढली आणि जोर न देता साल फाटली की समजायचं झालं.

सायकलवर धार लावून देणारे येतात त्यांच्याकडे मात्र जपून. मी लोहाराची सुरी एकदा दिली होती, चाकावर ठिणग्यांचा पाऊस पडला, आणि परत आली तेव्हा धारेलगत निळसर झाक होती. निळं झालं म्हणजे पातं तापलं आणि लोहाराने दिलेलं पाणी, म्हणजे पात्याचा कडकपणा, तिथे उतरलं. दोन दिवसांत बोथट. पुढे दगडावर तो निळा भाग पूर्ण घासून काढेपर्यंत तिने नीट कापलं नाही. सुरी द्यायचीच तर उभं राहून सांगा, हळू लावा, मध्ये मध्ये पाण्यात बुडवा.

आणि कापायचं लाकडी पाटावर. काचेचा बोर्ड, स्टीलचं ताट, ग्रॅनाइटचा ओटा यांवर कुठलीच धार टिकत नाही, कितीही पैसे घाला.

आता लोहाराच्या बाजूने जे आहे तेही बोलायला पाहिजे. भोपळा, सुरण, कच्चा फणस याला ती जड सुरी एका दाबात जाते, स्विस सुरीला दोनदा विचार करावा लागतो. घरी मोठे मासे आणून स्वतः तुकडे करत असाल तर तीच घ्या किंवा विळी ठेवा. आणि तेराशे रुपये वाचतात, ते थोडे नाहीत, त्यात चांगला लाकडी पाट आणि टोमॅटोसाठी एक छोटी दातेरी सुरी येऊन वर पैसे उरतील. भाचीलाही मी हेच म्हटलं, की तू एकटी राहतेस, भांडी तुझी तूच घासणार, तर हात पुसताना सुरी पुसायला तुला काही वेगळं करावं लागणार नाही, तुझ्यासाठी कदाचित कार्बनच बरी. पण पुढे मैत्रीण राहायला येणार म्हणतेस, आणि तीही त्याच सुरीने लिंबू कापून सिंकमध्ये टाकून ऑफिसला जाणार, हेही डोक्यात ठेव. ज्या घरात सुरीला दोनापेक्षा जास्त हात लागतात तिथे मी तरी स्टेनलेसच घेईन. सतराशेची सुरी, दोनशेचा दगड, एकोणीसशेत विषय संपला. माझ्या सुरीला आता तीन वर्षं झाली, कितीदा पाच-पाच तास सिंकमध्ये पडली असेल, पात्यावर घासणीचे ओरखडे आहेत, ठिपका एक नाही.

लोहाराची मी गावी आईकडे नेऊन दिली. भाजी ती विळीवरच चिरते, पण केळीची पानं कापायला, शहाळ्याचं तोंड काढायला, फणस फोडायला ही सुरी घेते. काम झालं की तिथल्या तिथे पुसते आणि पात्यावरून गोडेतेलाचं बोट फिरवून चुलीच्या वरच्या फळीवर ठेवते, हे तिला कोणी सांगावं लागलं नाही. दिवाळीला गेलो होतो तेव्हा बघितली, पातं टोकापासून मुठीपर्यंत सारखं काळंभोर झालंय, आणि गंज कुठेच नाही.