गावच्या टाकीला मोबाईल स्टार्टर की सेन्सर?

विहीर ओढ्याकाठी, टाकी गावाच्या वरच्या अंगाला आणि मधे लांबलचक पाइपलाइन. अशा योजनेत वायर ओढून फ्लोट स्विच, म्हणजे टाकी भरली की मोटर बंद करणारा तरंगता खटका, बसवायचा नाद सोडाच; वायर एक तर उंदीर कुरतडतात, नाहीतर नांगराखाली जाते. मग उरतात दोन मार्ग. फोनवरून मोटर चालू-बंद करणारा मोबाईल स्टार्टर, नाहीतर टाकीतली पातळी ॲपवर दाखवून मोटर आपोआप थांबवणारी सेन्सरची यंत्रणा. पाणीपुरवठा समितीत असताना दोन्ही वापरून झालं.

कागदावर सेन्सर उजवा, यात वाद नाही. जल जीवन मिशनच्या माणशी 55 लिटरच्या हिशोबानं 900 वस्तीला रोज 49,500 लिटर लागतात. तेवढं चढलं का, असं ग्रामसभेत कुणी विचारलं तर ॲप उघडून दाखवता येतं.

घोडं पेंड खातं ते वाफेपाशी. स्वस्तातला अल्ट्रासॉनिक सेन्सर, म्हणजे आवाजाच्या लहरी पाण्यावर आपटवून पातळी मोजणारा, टाकीच्या झाकणाखाली लावतात. थंडीत बंद टाकीत त्याच्या तोंडावर थेंब धरतात आणि तो त्या थेंबांनाच पाणी समजतो. ॲपवर टाकी फुल्ल, मोटर बंद. इकडे खालच्या आळीत नळाला नुसती हवा. वॉलमननं शिडी चढून फडक्यानं सेन्सर पुसायचा, मग मोटर लावायची. एकदा तो म्हणाला, "अण्णा, रोज चढायचंच असंल तर मी डोळ्यानंच बघतो की." यावर काय बोलणार!

मोबाईल स्टार्टरला टाकी दिसत नाही, हे मान्य. टायमर लावायचा, पण विहिरीतलं पाणी खोल गेलं की टाकी अर्धीच राहते, तर कधी वरून वाहते. पण थ्री फेज लाइट अवेळी आली तरी त्याचा फोन येतो, एखादा फेज गेला किंवा विहीर आटली तर तो मोटर जळू देत नाही. सिम मात्र बघून घ्या. बरेच स्टार्टर टूजीवर चालतात, त्यात जिओ चालत नाही. आणि रिचार्ज मासिक सभेच्या मंजुरीसाठी थांबत नाही, तो कुणाच्या तरी खिशातूनच जातो.

पाण्यात बुडवायचा, दाबावर चालणारा सेन्सर घेतला तर वाफेची कटकट नाही, पण तो महाग पडतो. हाकेसरशी येणारा दुरुस्तीवाला जवळ असेल तर जरूर विचार करा. नसेल तर मी स्टार्टरच घेईन, आणि उरलेल्या पैशात टाकीला बाहेरून दोरी-कप्पीचा पातळीदर्शक बसवून घेईन. तो रस्त्यावरूनही दिसतो, रिचार्जही लागत नाही.