जहाजाची बस की आपली रिक्षा?

दर दिवाळीच्या आगेमागे आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-सावद्याकडून कोणाचा तरी फोन येतोच. त्या साली केळीला भाव बरा लागलेला असतो, पोरांनी मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझची तिकिटं काढून दिलेली असतात आणि प्रश्न ठरलेला असतो: "बंदरावर उतरल्यावर जहाजवाल्यांची सहल घ्यायची, का आपलं आपण फिरायचं?"

मी दोन्ही करून पाहिलं आहे, आणि दोन्ही नेमकं कोरोनाचे नियम चालू असताना. डिसेंबर 2021ला गोवा जहाजाच्या बसमधून पाहिला, मार्च 2022ला कोची आपलं आपण. तेव्हा माझं मत त्या दिवसांत शिजलेलं आहे, हे आधीच सांगून ठेवतो. पण नियम कडक होते म्हणूनच दोन्हींतला फरक नीट दिसला. एरवी जे नुसतं खुपलं असतं, ते तेव्हा बोचलं.

निघायच्या आधी गावात ज्याला त्याला जपानच्या जहाजाची आठवण होत होती. 'डायमंड प्रिन्सेस'वर फेब्रुवारी 2020मध्ये 3,711 माणसं योकोहामाला अडकून पडली आणि त्यातल्या सातशेच्या वर लोकांना लागण झाली. सुरुवात ज्या प्रवाशापासून धरली गेली, तो तर हाँगकाँगला उतरून गेलासुद्धा होता. तेव्हापासून जहाजवाल्यांनी बंदराचा धसकाच घेतला. सिंगापूरहून 2020च्या नोव्हेंबरात जहाजं पुन्हा सुटू लागली ती कुठेच न थांबणारी. समुद्रात चक्कर मारायची आणि घरी यायचं. इटलीत 'एमएससी ग्रँडिओसा' ऑगस्ट 2020ला निघाली तेव्हा खाली उतरायला परवानगी होती, पण फक्त जहाजाच्या सहलीतून. नेपल्सला एक कुटुंब त्या घोळक्यातून बाजूला झालं, तर त्यांना परत जहाजावर घेतलंच नाही. आयपीएलमुळे 'बायो-बबल', म्हणजे बाहेरच्या कोणाशी संपर्क न ठेवणारा बंदिस्त घोळका, हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचला होताच. तोच बबल बसमध्ये बसवला की झाली त्या काळातली किनाऱ्यावरची सहल.

कांदेबागेचं, म्हणजे पावसाळा सरताना लावलेल्या केळीचं, खत-पाणी उरकून आम्ही दोघं भुसावळहून रात्रीच्या गाडीने मुंबईला गेलो. दोन डोसांचं सर्टिफिकेट आणि आरटी-पीसीआरचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून बॅलार्ड पियरच्या रांगेत उभे राहिलो. ओमायक्रॉन हे नाव पेपरात नुकतंच आलं होतं. त्यामुळे गोव्याची बस घेताना मी फार विचार केला नाही. अशा दिवसांत जहाजाच्या पदराखाली राहिलेलं बरं, असं वाटलं.

आता बसच्या बाजूचं जे खरं आहे ते आधी सांगतो, कारण ते खोटं नाही. मुरगाव हे मालवाहू बंदर आहे, तिथे धक्क्यावरून चालत बाहेर पडता येत नाही. तिथून जुनं गोवं तीसेक किलोमीटर. गोव्यात टॅक्सीचं भाडं काय असतं हे तिथे जाऊन आलेल्याला सांगायला नको. बसला उशीर झाला तर जहाज थांबतं, कारण आतली माणसं त्यांचीच. आणि बंदरच रद्द झालं तर सहलीचे पैसे परत मिळतात. हे शेवटचं त्या दिवसांत फार मोठं होतं. आम्ही परतल्यावर महिन्याभरात, जानेवारी 2022च्या सुरुवातीला, मुंबईहून गेलेल्या एका जहाजावर दोनेक हजार माणसांत 66 जण पॉझिटिव्ह निघाले. सुट्टीची सहल मुरगावच्या धक्क्यावरच संपली आणि जहाज माघारी मुंबईला आलं. कोणी गोव्यात बाहेरची गाडी आगाऊ पैसे देऊन ठरवली असेल, तर त्याने ते पैसे समुद्रात सोडले असं समजायचं.

म्हणजे हिशोबाने पाहिलं तर बसच बरी. आता मला तिचा राग का आला ते सांगतो.

सकाळी साडेआठला आम्हाला जहाजाच्या थिएटरात बसवलं. छातीवर गोल स्टिकर, आमचा नंबर अकरा. एक खुर्ची सोडून एक, तोंडाला मास्क, समोर रिकामा स्टेज. एक-एक नंबर पुकारला जायचा, तेवढी माणसं उठायची, पुन्हा शांतता. दवाखान्यात बसल्यासारखं. अकरा पुकारेपर्यंत पावणेदहा झाले. खाली ताप मोजला, बसमध्ये बसलो, आणि मोजणी सुरू झाली. आमच्याकडे ठेलारी रात्री मेंढ्या वाड्यात घालताना दारात उभा राहून मोजतो ना, तसंच. अडतीस पाहिजेत, सदतीस भरायचे. मग पुन्हा मोजायचं. अडतिसावा मागच्या सीटवर वाकून बुटाची लेस बांधत असायचा. दिवसभरात ही मोजणी सहा वेळा झाली. झुआरी नदीवरचा नवा पूल तेव्हा सुरू झाला नव्हता, तो पुढच्या डिसेंबरअखेर झाला. जुन्या पुलावर वाहनांची रांग लागलेली. पाच तासांच्या सहलीत तीन तास तरी आम्ही काचेच्या आत होतो.

हेही मी गिळलं असतं. पण जुन्या गोव्यात बॅसिलिकेसमोर पंधरा मिनिटं उतरवलं, आणि रस्त्याच्या पलीकडे एक म्हातारी टोपली घेऊन बसली होती. टोपलीत मोयरेची केळी.

ज्यांना केळी म्हणजे डझनाने घ्यायची वस्तू वाटते, त्यांना हे कळणार नाही. माझी चौथी पिढी केळीत आहे. आजोबांनी बसराई लावली, वडिलांनी श्रीमंती, मी ग्रँड नैन. आणि मोयरेचं केळं मी नुसतं ऐकून होतो: गोव्यातल्या मोयरा गावचं, लांब, जाड, कोपरापर्यंत येईल असं, हलव्याला वापरतात ते. टोपलीतली एक फणी उताणी ठेवली होती. बोटं कमीच, पण एकेक मनगटाएवढं. साल पिवळी, त्यावर काळे ठिपके, म्हणजे पिकून गोडीला आलेलं. वीस पावलांवर. मी निघालो, तर गाइडने हात आडवा धरला. "काका, प्लीज. ग्रुप सोडायचा नाही. बाहेरचं काही घ्यायचं नाही, कोणाशी बोलायचं नाही."

त्याचं चूक नव्हतं. नियम त्याने केला नव्हता, आणि तोंडावरच्या प्लास्टिकच्या ढालीमागे तो बिचारा घामाने भिजला होता. मी म्हटलं, दुरून विचारतो, हात लावत नाही. तो नाही म्हणाला. मग तूच आणून दे म्हटलं, तर तेही नाही. तेवढ्यात शिट्टी वाजली, आम्ही बसमध्ये, आणि मोजणी. अडतीसच्या अडतीस भरलो. बस वळली तेव्हा म्हातारी फण्यांवर ओलं फडकं टाकत होती. आमच्या सौ. एवढंच म्हणाल्या, "तुम्ही बी ना! घरी काय कमी केळी आहेत?"

हॉटेलात जेवायला बसल्यावर मात्र ताटातल्या भाताकडे पाहून त्याच पुटपुटल्या, "इतक्या दूर कायले आनलं मले?" जहाजावर जे जेवायचं, तेच इथे बसमधून येऊन जेवत होतो.

तीन महिन्यांनी कोचीला गेलो तेव्हा बसचे पैसे भरायची वेळ आली आणि माझा हात आखडला. तोवर रुग्ण उतरले होते, जहाजावरचे नियम थोडे सैल झाले होते आणि स्वतः उतरायला मज्जाव नव्हता. कोचीला एक सोय अशी की जहाज विलिंग्डन बेटावर लागतं आणि शहर जवळ आहे. गेटवर ताप मोजला, क्रूझ कार्ड आणि आधार दाखवलं, आणि सव्वानऊला आम्ही रिक्षात होतो. अकरा नंबरवाले तेव्हा वर थिएटरात बसले असतील, हे आठवून थोडं बरंही वाटलं. खोटं कशाला बोलू?

पाहायचं जे असतं ते पाहिलं. फोर्ट कोचीची चिनी जाळी पाहिली, सेंट फ्रान्सिस चर्चमधली वास्को द गामाची जागा पाहिली. 1524ला त्याला तिथे पुरलं होतं, पुढे अवशेष पोर्तुगालला नेले. हे बसवालेही दाखवतात, आणि कदाचित जास्त चांगलं समजावून सांगतात. आमचा रिक्षावाला हिंदी बोलायचा ती अंगठ्याने आणि भुवयांनी.

पण मट्टांचेरीकडे जाताना रस्त्याच्या कडेला एक कढई दिसली आणि मी म्हटलं, "थांब." थांबला. एवढंच. माझ्या लेखी त्या सगळ्या सफरीचे पैसे या एका शब्दात वसूल झाले.

कढईत खोबरेल तेल. माणूस कच्चं नेंद्रन, म्हणजे केरळातलं मोठं केळं, सोलून हातातल्या किसणीवर थेट तेलात चकत्या पाडत होता. सावदा-फैजपूरच्या रस्त्याला आपल्याकडेही वेफर असेच पाडतात, त्यात नवल नव्हतं. नवल पुढे होतं. चकत्या अर्ध्या तळल्यावर त्याने वाटीतलं पिवळं पाणी सरळ उकळत्या तेलात ओतलं. सौ. दोन पावलं मागे. तेल फसफसून कढईच्या काठापर्यंत वर आलं, क्षणभर थरथरलं आणि खाली बसलं. ते हळद-मिठाचं पाणी. पाणी उडून जातं, मीठ चकतीला धरतं. आपण वेफर काढल्यावर वरून मीठ-तिखट भुरभुरतो आणि ते पिशवीच्या तळाला जाऊन बसतं. चाळीस वर्षं वेफर खातोय, हे कधी सुचलं नाही.

मागे नेंद्रनचे घड टांगलेले होते. मी फण्या मोजल्या, पाच-सहा. फोनवर माझ्या बागेतला घड दाखवला, दहा फण्यांचा. त्याने तो फोटो बोटांनी मोठा केला, बायकोला हाक मारली, मग शेजारच्या दुकानदाराला. भाषा एक नाही; तरी भाव, वारा, खत, सगळं बोलून झालं. वाऱ्याने बाग झोपते हे त्याने हात आडवा करून दाखवलं, आणि ते मला रिक्षावाल्याशिवायच कळलं. मास्क सगळ्यांना होते, आणि सॅनिटायझरची बाटली सुतळीने खांबाला बांधलेली होती, कोणी पळवू नये म्हणून.

आता याची दुसरी बाजू. अडीचनंतर माझं लक्ष कशात नव्हतं, घड्याळात होतं. जहाज आपल्यासाठी थांबत नाही. चुकलं तर पुढचं बंदर आपल्या खर्चाने गाठायचं, आणि त्या दिवसांत हातात नवा कोरा टेस्टचा कागदही लागला असता. मी वेळेच्या दीड तास आधी गेटवर पोचलो. तरी आत जायला चाळीस मिनिटं लागली, कारण एकेकाचा ताप, एकेकाची पिशवी. मधूनच मनात यायचं, आता उन्हाने अंग तापलंय, ताप मोजायच्या बंदुकीत जास्त आकडा आला तर? बसवाल्यांना यातलं काहीच नाही. झोपून आले, मोजून आत गेले.

म्हणून सरसकट कोणाला 'बस नको' असं मी म्हणत नाही. गुडघे दुखतात, सोबत नातवंडं आहेत, किंवा मुरगावसारखं बंदर गावापासून लांब आहे, तर बस घ्यावी. पुन्हा कधी साथ आली आणि बंदर उघडेल का नाही अशी धाकधूक असेल, तर पैसे परत मिळण्याची हमी सोडू नये. लक्षद्वीपला तर हा प्रश्नच येत नाही. परमिटशिवाय बेटावर पाय ठेवता येत नाही, जहाज बाहेर थांबतं, छोट्या बोटीने जहाजवाले नेतील तिथे जायचं. त्या लोकांनी 2021च्या जानेवारीपर्यंत बेटांवर एक रुग्ण येऊ दिला नव्हता, तेव्हा तिथे त्यांचा नियम तो नियम.

पण चालते-फिरते असाल, दोघंच असाल आणि गाव बंदराच्या जवळ असेल, तर मला वाटतं थोडा जीव टांगणीला लावायला हरकत नाही. मास्क, ताप, फवारे सगळं गेलं. स्टिकर मात्र राहिला आहे, थिएटर राहिलं आहे, मोजणीही राहिली आहे. परवा एका पोराने जहाजावरून फोटो पाठवला, छातीवर सतरा नंबर. एकच सांगतो, परतीच्या वेळेच्या दीड तास आधी गेटवर या, आणि जाताना कुठलंही आगाऊ बुकिंग करू नका. रिक्षा बाहेर मिळतेच.

घरी आल्यावर हळद-मिठाचं पाणी आम्ही करून पाहिलं, शेंगदाण्याच्या तेलात. पहिल्या घाण्याला तेल उतू जाऊन शेगडी विझली. दुसरा जमला. ग्रँड नैनला ती चव येत नाही, पण मीठ तळाला बसत नाही हे खरं.

मोयरेचं केळं अजून खाल्लेलं नाही. या डिसेंबरात पुन्हा गोव्याचं जहाज धरायचं चाललंय. मुरगाव लांब आहे, टॅक्सी महाग आहे, बस घ्या असं मीच वर लिहिलं आहे. तिकिटं काढली, बसच्या चौकटीत खूण केलेली नाही.