सतरा महिने मनगट धरून: टोकियोतल्या आयकिडो वर्गाचा अनुभव

दिवाळीत सांगलीला मामाकडे गेले होते. मामेभाऊ बारा वर्षं तालमीत जातो. फराळ चालू असताना त्यानं माझं मनगट धरलं आणि म्हणाला, "ताई, दाव की तुझं ते जपानी." मी आयकिडो या जपानी युद्धकलेतला शिहोनागे, म्हणजे समोरच्याचा हात डोक्यावरून फिरवून त्याला पाडायचा डाव, करायला गेले. हात जागचा हलला नाही. तीनदा करून बघितलं, तिन्ही वेळा तेच. आजी, मामी, शेजारच्या काकू सगळ्या बघत होत्या. मला ते फार लागलं.

त्या रात्री झोप येईना म्हणून हिशेब मांडला. सतरा महिने, आठवड्यातून दोन दिवस, महिन्याला 4,000 येन. नुसती फीच 68,000 झाली. डोगी म्हणजे सरावाचा पोशाख, वर्षाचा विमा, परीक्षेची फी वेगळी. तिसऱ्या क्यूपर्यंत, म्हणजे काळ्या पट्ट्याच्या तीन पायऱ्या आधीपर्यंत, पोचलेल्या बाईला साधं मनगट सोडवता येत नसेल तर हे पैसे गेले कुठे? तेव्हाच हा अनुभव लिहायला घेतला. पुढचे तीन परिच्छेद त्या रात्रीचे आहेत. नंतर माझं मत बदललं, पण ते खोडत नाही, कारण नाव घालण्याआधी बहुतेकांच्या मनात हेच असतं.

मी एदोगावा वॉर्डात राहते. वर्ग वॉर्डाच्या क्रीडासंकुलात ताटामीच्या, म्हणजे जपानी चटयांच्या, खोलीत भरतो. शिक्षक एक प्रकार चार वेळा दाखवतात, मग जोड्या लावायच्या. एकानं मनगट धरायचं, दुसऱ्यानं टाकायचं, चार वेळा झालं की उलट. निम्मा वर्ग मनगट धरण्यात जातो. रस्त्यावर कोण कुणाचं मनगट धरायला येतं? पर्स ओढतील, केस धरतील, मागून ढकलतील. आणि जो धरतो तो विरोध करतच नाही. आमच्याकडे एक ज्येष्ठ गृहस्थ आहेत, मी वळायच्या आधीच ते पडलेले असतात. पडतात फार सुरेख, पण त्यात मी काय केलं?

स्पर्धा नाहीत. म्हणजे आपल्याला येतं की नाही हे कळायला मार्गच नाही. परीक्षेतही समोरचा आपलाच जोडीदार असतो आणि तो पडतोच.

शिवाय फीचा वाद. मी भारतात असतानाच्या महिन्याची फीसुद्धा खात्यातून कापली गेली. विचारलं तर उत्तर आलं की रजेचा फॉर्म आदल्या महिन्याच्या 10 तारखेच्या आत द्यायचा असतो. नाव घालताना हे कुणी सांगितलं नव्हतं. दोनदा लेखी विनंती केली, पैसे परत आले नाहीत.

इथून पुढचं जानेवारीत लिहितेय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामेभाऊच माझ्याकडे आला. म्हणाला, "ताई, तू काय करणार ते मला ठावं हुतं. मी पाय रोवून हुबा ऱ्हायलो. तुला वडत नव्हतो का ढकलत नव्हतो. असल्या माणसाला डाव लागतोय व्हय?" मी विचारलं, मग तालमीत शिकता कसे? तो म्हणाला, नवा डाव शिकताना जोडीदाराला अंग द्यावंच लागतं, नाहीतर डाव हाडात बसत नाही. पण अंग देणं म्हणजे आपणहून पडणं नव्हे. तसं कुणी केलं तर वस्ताद त्यालाच रागावतात.

सतरा महिन्यांत हे मला एकदाही नीट कळलं नव्हतं, आणि ते जपानमध्ये नाही, सांगलीच्या अंगणात कळलं. ज्यानं पाडायचं तो नागे, ज्यानं हल्ला करून पडायचं तो उके. माझ्या डोक्यात उके म्हणजे हरणारा. नागे असताना मी शिकत होते आणि उके असताना आपली पाळी यायची वाट बघत होते. म्हणजे 68,000 मधले 34,000 येन मी स्वतःच वाया घालवले.

परत गेल्यावर मी फक्त पकड बघायला सुरुवात केली. वर्गात सत्तरीच्या एक बाई आहेत, वजन माझ्यापेक्षा कमी. त्या धरतात तेव्हा जोर अंगठ्यात नसतो, करंगळी आणि अनामिकेत असतो. पकड मनगटावर, पण दाब सरळ माझ्या पोटाच्या दिशेनं येतो. माझं कोपर जरा वर गेलं की त्या मला मागे लोटतात. त्यांचा दुसरा हात मोकळा असतो आणि मी चुकीच्या जागी उभी राहिले तर तो माझ्या तोंडापर्यंत पोचतो, हे त्यांनी हळूच दाखवलं. हा हल्ला आहे. यात दिशा आहे, म्हणून तो वळवता येतो. मामेभावाच्या पकडीत ताकद होती, पण दिशा नव्हती. त्याला मला कुठे न्यायचंच नव्हतं, मग मी काय वळवणार होते? आणि मी स्वतः उके म्हणून दीड वर्ष अशीच मेल्यासारखी धरून उभी राहत होते. शिक्षक कितीदा म्हणाले होते की नुसतं धरू नका, या. मला वाटायचं, माझं जपानी कच्चं म्हणून नीट समजत नाहीये.

मनगटच का, याचंही उत्तर मिळालं. कमरेला तलवार असलेल्या माणसाला ती उपसू द्यायची नसेल तर त्याचा हात धरावा लागतो. डोक्यावर येणारा शोमेनउची आणि तिरका योकोमेनउची हे तलवारीचेच घाव आहेत, फक्त रिकाम्या हातानं केलेले. शिहोनागेत हात वर नेऊन खाली आणतो तो तलवार मारल्यासारखाच. आमच्या वर्गात महिन्यातून एकदा बोक्केन, म्हणजे लाकडी तलवार, घेतात, तो तास मी आधी चुकवायचे. आता तो पहिला.

आयकिडोचे जनक मोरिहेई उएशिबा यांनी 1915 मध्ये होक्काइदोतल्या एन्गारू इथे ताकेदा सोकाकु यांच्याकडे दाइतो-र्यू ही युद्धकला शिकायला सुरुवात केली, त्यातून हे सगळं निघालं. आयकिडो हे नाव 1942 मधलं. तोवर उएशिबा लष्कराच्या आणि नौदलाच्या संस्थांमध्ये शिकवत होते. त्यामुळे हा शांततेचा नाच आहे असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. 1935 मध्ये ओसाकाच्या आसाही वृत्तपत्रानं त्यांचं चित्रीकरण केलं, ते जरूर बघा. तेव्हा ते 51 वर्षांचे होते. जोडीदार धावून येतात, आणि ते त्यांच्या वाटेतून बाजूला होऊन आत शिरतात. म्हातारपणीच्या चित्रफितींमध्ये लोक हात लागण्याआधी पडताना दिसतात, आणि बहुतेकांचं मत तेवढ्यावरच बनतं. माझंही बनलं होतं. आयकिडो या नावातला 'की', म्हणजे अंगातली ऊर्जा, ही काही जादूची शक्ती असेल असंही वाटायचं. आमच्या वर्गात तो शब्द क्वचितच ऐकू येतो. पाय कुठे ठेवला आणि कोपर का उचललं, हेच जास्त ऐकू येतं.

एका बाबतीत मात्र मत बदललेलं नाही. आधीच पडणं चूक आहे, आणि शिक्षकांनी ते थांबवायला हवं. कोतेगाएशीत, म्हणजे मनगट पिळून पाडायच्या प्रकारात, उके उडी मारून पडतो, कारण नाही पडला तर त्याचं मनगट दुखावतं. ते पडणं खरं, त्याला उकेमी म्हणतात आणि ते शिकायला मला आठ महिने लागले. पण कुणी काही केलेलंच नसताना पडणं म्हणजे समोरच्याला चुकीचं शिकवणं. त्या ज्येष्ठ गृहस्थांना मी तोंडावर सांगू शकत नाही, इथे ते चालत नाही. मग मी वळताना निम्म्यात थांबायला लागले. ते पडायला जातात, तर माझा हात तिथे नसतोच. दोन आठवड्यांनी ते माझ्यासाठी थांबायला लागले. परवा त्यांना पहिल्यांदा खरंच पाडलं. त्यांनी उठून नमस्कार केला आणि परत मनगट पुढे केलं. मला इतका आनंद तिसऱ्या क्यूच्या परीक्षेलाही झाला नव्हता.

सहा महिन्यांत रस्त्यावर स्वतःला वाचवता यावं असं वाटत असेल तर इथे पैसे घालू नका, खरंच नका. स्पर्धा हवी असेल तर उएशिबांचे शिष्य तोमिकी यांची शाखा आहे, तिथे मऊ सुरी घेऊन सामने होतात. कडक शिस्त हवी असेल तर योशिनकान या आयकिडोच्याच दुसऱ्या शाखेचा अकरा महिन्यांचा कोर्स आहे, टोकियो पोलिसांच्या दंगल नियंत्रण पथकातले लोक तो करतात. आमच्यासारख्या वर्गात चार-चार वेळा पाळीनं पडायचं आणि पाडायचं, हेच शिकणं. गुडघ्यांवर बसून करायचे प्रकार जड जातात. आपल्याला मांडी घालायची सवय असते, पण तिचा उपयोग होत नाही. वज्रासनात बसायची सवय असेल तर थोडा होतो. माझा उजवा गुडघा दोन महिने दुखत होता, नीकॅप पहिल्या दिवसापासून घ्या. डोगी जुदोची चालते, महाग घेऊ नका.

फीच्या वादात अजूनही मला माझंच बरोबर वाटतं. एप्रिलमध्ये पुन्हा सांगलीला जायचंय, रजेचा फॉर्म या वेळी 10 मार्चच्या आत देणार. मामेभावाला फोनवर सांगून ठेवलंय की नुसतं धरून उभं राहायचं नाही, ओढायचं. तो म्हणाला, "वडतो की ताई, पर हळू न्हाई वडणार."